वॉर्फरिन चालू असताना आईला गुडघ्यांसाठी चिनी काढा द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई काही महिन्यांसाठी तुमच्याकडे सिंगापूरला आली आहे, तिचे गुडघे दुखतात, शेजारच्या चिनी काकू त्यांच्या ओळखीच्या दुकानातून काढ्याच्या पुड्या आणून देतो म्हणतात, आणि हृदयाची झडप बदलल्यापासून आईला वॉर्फरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं (रक्त पातळ ठेवणारं) औषध, सुरू आहे. द्यावा का काढा?

आत्ता नको. चिनी औषधात काही दम नसतो म्हणून नाही. दम असतो, म्हणूनच नको.

मी फार्मसी शिकलेली आहे आणि सिंगापुरात येऊन नऊ वर्षं झाली. आमच्या मजल्यावरच्या एका चिनी आजींबरोबर मी पहिल्यांदा अशा दुकानात गेले. भिंतभर लाकडी खण होते, आत शिरताच पुण्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानाची आठवण व्हावी असा वास. वैद्यांनी आजींच्या दोन्ही मनगटांवर तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ दाखवायला सांगितली, झोप-भूक-पोट सगळं विचारलं. मग कागद पसरले, दिवसाला एक, आणि हातातल्या छोट्या काट्यावर एकेक जिन्नस तोलून टाकला. जेष्ठमधाचे तिरके काप, दालचिनीची साल, वाळलेली लाल बोरं. निम्म्या वस्तू तर माझ्या ओळखीच्याच!

घरी आजींनी पुडी मातीच्या भांड्यात अर्धा तास भिजवली, उकळून गाळली, त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा केला आणि दोन्ही एकत्र करून दोन वेळांना वाटून घेतले. पुदिन्यासारखं काही असलं तर ते शेवटची पाच मिनिटं, नाहीतर त्यातलं तेल उडून जातं. उलट 'फूझी', म्हणजे बचनागाच्या कुळातलं मूळ, आधी एकटं बराच वेळ उकळायचं. ते कच्चं राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. आपल्याकडे वैद्य बचनागाचं शोधन, म्हणजे त्यातलं विष कमी करण्याची प्रक्रिया, करतात ते याच भीतीने.

काढायची पद्धत बदलली की औषध बदलतं, याचं सर्वात मोठं उदाहरण मलेरियाचं आहे. १९६७ मध्ये चीनने मलेरियावर औषध शोधायची गुप्त मोहीम काढली. तू यूयू या संशोधिकेला चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात एक ओळ सापडली: मूठभर छिंगहाव (ही एक वनस्पती) पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं त्यात कुठेच नव्हतं. उष्णतेने औषधाचा गुण जात असावा असं त्यावरून ताडून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर हे द्रव वापरून अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदीर-माकडांमधल्या मलेरियावर लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल. छिंगहाव ही आपल्या दवण्याचीच बहीण. जोतिबाला दवणा वाहणाऱ्या घरातली मी, मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

आता तुमच्या आईचा मुद्दा. कंबर-गुडघ्यांसाठी चिनी वैद्य फार करून 'दूहुओ जीशंग थांग' हा काढा देतात. तो सातव्या शतकातल्या सून सीम्याव यांच्या ग्रंथातला, पंधरा घटकांचा. त्यात 'दांगग्वेई' हे मूळ असतं आणि ते वॉर्फरिनचा जोर वाढवू शकतं. जेष्ठमधही असतं, ते बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो. शिवाय या काढ्यात जिनसेंगऐवजी बऱ्याचदा 'दांगशेन' घालतात. त्याच्याशी नावाने मिळतंजुळतं 'दानशेन' हे अगदी वेगळं मूळ आहे, आणि तेसुद्धा वॉर्फरिन घेणाऱ्यांना घातक. फरक एका अनुस्वाराएवढा.

नावांच्या अशा घोळाला मी का घाबरते, ते सांगते. १९९०च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये 'हान फांगजी' या मुळाच्या जागी 'ग्वांग फांगजी' गेलं. हे दुसरं मूळ आपल्या ईश्वरीच्या वेलीच्या कुळातलं, आणि त्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं. शंभराहून जास्त जणांची मूत्रपिंडं बिघडली, बहुतेक बायका होत्या. पुढे त्यांतल्या काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

त्यामुळे आधी हे करा. एखादी पुडी आईच्या पोटात गेली असेल तर लगेच डॉक्टरांना सांगून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर आपोआप उठणारे काळेनिळे डाग किंवा काळी शौच दिसली तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, तडक रुग्णालय गाठा. गुडघ्यावर चोळायचं वास येणारं चिनी तेल किंवा बामही विचारल्याशिवाय नको. त्यातलं मिथिल सॅलिसिलेट कातडीतून आत जातं आणि वॉर्फरिनचा परिणाम वाढवतं. दुकानातून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आणून देऊ नका, तिनेही रक्तस्रावाचा धोका वाढतो. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, गुडघ्यांना त्यांनी खरंच उतार पडतो.

एवढं करूनही आईला चिनी वैद्यांना दाखवायचं असेल तर नोंदणी असलेल्यांकडेच जा, इथे २००० सालापासून त्यासाठी कायदा आहे. जाताना वॉर्फरिनचं पाकीट आणि आयएनआरची वही दोन्ही सोबत न्या आणि नाडीसाठी हात पुढे करण्याआधी टेबलावर ठेवा. ते जे लिहून देतील त्यातल्या प्रत्येक घटकाचं चिनी आणि लॅटिन नाव लिहून मागा. तो कागद हृदयाच्या डॉक्टरांनी बघेपर्यंत भांडं चुलीवर ठेवू नका. काकूंना मात्र नीट समजावून सांगा, त्यांनी मायेनेच सुचवलं आहे.