विंडोज ११ वर गेल्यापासून माझा स्क्रीन रीडर नीट बोलत नाही. परत १० वर जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की रविवारी चुलतभावाने लॅपटॉप विंडोज १० वरून ११ वर नेला आणि तेव्हापासून तीन गोष्टी बिघडल्या. पासवर्ड टाकायच्या जागी आवाजच येत नाही. आत गेल्यावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा तुमचा स्क्रीन रीडर, बोलतो, पण परक्या इंग्रजी आवाजात, आणि मराठी नोट्सची फाइल उघडली की एकदम गप्प होतो. शिवाय फाइलवरचा नेहमीचा मेनू सापडत नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय आणि भाऊ म्हणतोय, "फॉरमॅट मारून देतो."

सगळ्यात आधी भावाला थांबवा. त्याच्या मनात तुमचं भलंच आहे, पण फॉरमॅट करू देऊ नका.

माझ्यासोबत हेच झालं होतं. माझी दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेली आणि तेव्हापासून माझं सगळं काम एनव्हीडीएवर चालतं. एका अपग्रेडनंतर आवाज गेला म्हणून मी लॅपटॉप दुकानात दिला. तिथल्या मुलाने मेहनतीने सगळं पुसून नवंकोरं करून दिलं. त्यात एनव्हीडीएच्या शब्दकोशात मी वर्षानुवर्षं भरलेले उच्चार गेले. 'क्र.' आलं की 'क्रमांक' वाच, 'ता.' आलं की 'तालुका', 'मा.' आलं की 'माननीय', अशा शेकडो नोंदी होत्या. सरकारी पत्रं ऐकताना त्यांच्याशिवाय किती ठेचा लागतात हे डोळस माणसाला सांगून कळत नाही. आणि मुळात झालं काय होतं? आवाज स्पीकरऐवजी भलत्याच ठिकाणी जात होता, एवढंच. त्या दुकानदारावर माझा राग नाही, पण तो लॅपटॉप मी त्याच्या हातात देण्याआधी पाच मिनिटं स्वतः तपासला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

तुमच्या वर्णनावरून तुमचं प्रकरण त्याहून सोपं दिसतंय. एनव्हीडीए चालू आहे, स्पीकर चालू आहेत. फक्त त्याचा आवाज बदललाय. बहुधा तुम्ही आधी एखादा वेगळा बसवलेला आवाज वापरत होता, अ‍ॅड-ऑन (एनव्हीडीएला वरून जोडायची पुरवणी) म्हणून घेतलेला किंवा विंडोजच्या हिंदी भाषेबरोबर आलेला. अपग्रेडच्या वेळी भावाने एनव्हीडीएही नवा टाकला असेल तर जुनं अ‍ॅड-ऑन त्याच्याशी जुळत नाही. एनव्हीडीएची दर वर्षीची पहिली आवृत्ती, म्हणजे २०२४.१, २०२५.१ अशी, आली की अ‍ॅड-ऑन त्यासाठी नव्याने तयार व्हावी लागतात. ठरलेला आवाज सापडला नाही की एनव्हीडीए गप्प न बसता हाताशी असेल तो दुसरा आवाज घेतो, आणि तो इंग्रजी निघतो. इंग्रजी आवाजापुढे देवनागरी आलं की तो बहुतेकदा काहीच म्हणत नाही. तुमच्या नोट्स जागेवर आहेत, वाचणाऱ्यालाच लिपी येत नाही.

आता हे करा. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस एकत्र दाबा. आवाजाचं यंत्र निवडायची खिडकी उघडेल. बाणाने 'ईस्पीक एनजी' वर जा, एंटर. हे एनव्हीडीएच्या आतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही आणि त्याला मराठी येतं. मग इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही. इथे 'व्हॉइस'च्या यादीत एम दाबत राहा. आधी मल्याळम वगैरे नावं येतील, मग मराठी येईल. एंटर करून इन्सर्ट, कंट्रोल आणि सी दाबा म्हणजे हे जपून ठेवलं जाईल. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड.

ईस्पीकचा आवाज कोरडा आहे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तरी मी तो कधीच काढून टाकत नाही, कारण तो इंटरनेट मागत नाही, भाषेचा पॅक मागत नाही आणि वेग कितीही वाढवला तरी अक्षर खात नाही. लांबचलांब वाचनाला मी विंडोजचे हिंदी आवाज वापरतो, हेमंत किंवा कल्पना. ते कानाला गोड आहेत, पण मराठी हिंदीच्या वळणाने वाचतात. 'चाक'मधला च आपण दातांशी म्हणतो, हे आवाज तो 'चहा'सारखा म्हणतात. 'जग फिरलो' आणि 'सुखाने जग' यातले दोन ज आपण वेगळे म्हणतो, लिहिताना मात्र एकच लिहितो. तो फरक अक्षरातच नसल्याने कुठल्याही यंत्राला तो अर्थावरूनच ओळखावा लागतो, त्यामुळे त्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. शुद्धलेखन तपासायचं असेल तेव्हा मात्र ईस्पीकवरच ऐका. चुकीची वेलांटी तिथे मला लवकर खटकते. हिंदी आवाज गायबच झाले असतील तर सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'स्पीच', आणि तिथे 'अ‍ॅड व्हॉइसेस'.

पासवर्डच्या ठिकाणची शांतता हा वेगळा प्रश्न. तिथे तुमच्या रोजच्या सेटिंग लागूच होत नाहीत, एनव्हीडीएची वेगळी प्रत चालते. इन्सर्ट आणि एन दाबून मेनू उघडा, 'प्रेफरन्सेस', 'सेटिंग्ज', 'जनरल'. तिथे साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरा अशा अर्थाची खूण करायची चौकट आहे, ती पुन्हा भरा. तिच्या खालचं बटण सध्याच्या जपलेल्या सेटिंग तिथे नेतं. ते दाबण्याआधी आवाज ईस्पीकवर ठेवा आणि इन्सर्ट-कंट्रोल-सी ने जपा. बाहेरून बसवलेले आवाज त्या जागी हमखास दगा देतात, हे मी दोन मशीनवर भोगलंय. बटण दाबून झालं की स्वतःसाठी आवडता आवाज परत लावा. या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागेल, तेव्हा भावाला शेजारी बसवा. त्याला मदत करायचीच आहे ना, ही घ्या.

तोवर तिथे विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबा. विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, बोलू लागेल. हे तीन बटणांचं जोडकाम बोटांना पाठ असलं पाहिजे, कारण नवीन विंडोजची सुरुवातीची मांडणी करतानाही ते चालतं. आत गेल्यावर नॅरेटर आणि एनव्हीडीए दोघंही एकदम बोलू लागले तर घाबरू नका. तीच बटणं पुन्हा दाबली की नॅरेटर थांबतो.

मेनूचं म्हणाल तर तो बिघडलेला नाही, बदललाय. विंडोज ११ मध्ये फाइलवर अ‍ॅप्लिकेशन्सचं बटण (कीबोर्डवरचं, माउसच्या राइट क्लिकचं काम करणारं) दाबलं की छोटा मेनू येतो. त्यात वरचा बाण एकदा दाबा. शेवटी 'शो मोअर ऑप्शन्स' असतं, त्यावर एंटर केलं की जुना, ओळखीचा मेनू हजर. नाव बदलायला एफ२, कॉपीला कंट्रोल-सी हे होतं तसंच आहे. विंडोज आणि ए ने पूर्वी सूचना यायच्या, आता वायफाय आणि आवाजाची झटपट बटणं येतात. सूचना विंडोज आणि एन वर गेल्या. 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस'चं नाव 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' झालं, पण विंडोज आणि यू ने ते पूर्वीसारखंच उघडतं. पहिले चार दिवस हात चुकतील. माझे आठवडाभर चुकत होते.

आता मूळ प्रश्न, परत जायचं का. परत जाता येतं, पण अपग्रेडपासून १० दिवसच. नंतर विंडोज जुन्या फाइली पुसून टाकतं. सेटिंग्ज, 'सिस्टम', 'रिकव्हरी', 'गो बॅक'. माझं मत जाऊ नका असं आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे आज परतलात तर हीच उलथापालथ पुन्हा कधीतरी करावी लागेल. पण शनिवारपर्यंत वर सांगितलेलं करूनही मराठी नोट्स ऐकू आल्या नाहीत, तर परीक्षेआधी हट्ट करू नका. सरळ मागे जा आणि परीक्षेनंतर बघू. अभ्यासाचे दिवस यंत्राशी झुंजण्यात घालवण्यासारखे नाहीत.

मागे जा किंवा नका जाऊ, एक काम आजच करून ठेवा. एनव्हीडीएच्या मेनूत 'टूल्स'मध्ये पोर्टेबल कॉपी, म्हणजे कॉम्प्युटरवर न बसवता चालणारी प्रत, बनवायची सोय आहे. पेन ड्राइव्हवर ती बनवा आणि आपल्या सध्याच्या सेटिंगही त्यात घ्या. तुमचे शब्दकोश त्यात सुरक्षित राहतात आणि दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर बसायची वेळ आली तरी तुमचा आवाज खिशात असतो. पासवर्डच्या जागी ही प्रत चालत नाही, तेवढं लक्षात असू द्या. जमल्यास एक साधा यूएसबी हेडफोनही घ्या. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंडचा ड्रायव्हर अपग्रेडमध्ये रुसला तरी यूएसबीचा आवाज सहसा वेगळं काही न बसवता चालतो. माझ्या त्या दुकानाच्या फेरीच्या वेळी हा हेडफोन असता तर फेरीच पडली नसती.

आणि पुढचं अपग्रेड स्वतः करायचं ठरवलंत तर मधली शांतता ठाऊक असू द्या. कॉम्प्युटर स्वतःच बंद-चालू होत राहतो आणि त्या काळात एकही स्क्रीन रीडर बोलत नाही. हा वेळ फार लांब वाटतो. मी लॅपटॉपच्या कडेच्या जाळीवर तळहात ठेवून बसतो. गरम वारा येतोय म्हणजे काम चालू आहे. अधूनमधून फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरतो, सीइंग एआय किंवा लुकआउट या वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपने टक्के सांगितले की जिवात जीव येतो. पॉवरच्या बटणाला त्या वेळी कुणालाही हात लावू देऊ नका.

आज रात्री ईस्पीक लावून नोट्सची एखादी फाइल उघडा आणि काय ऐकू येतं ते इथेच खाली लिहा. नुसतं 'चालत नाही' असं लिहू नका. बीप येतो का, इंग्रजी अक्षरं येतात का, की पूर्ण शांतता, ते सांगा. नुसते बीप येत असतील तर चुकून इन्सर्ट आणि एस दाबलं गेलं असेल, बोलणं परत येईपर्यंत तेच पुन्हा दाबा. बाकी काही असेल तर मी रोज रात्री नऊनंतर इथे असतो, उत्तर देईन.