नवा बास्केटबॉल कार्डसंच: आणखी एक खोका घ्यावा का?

प्रश्न: टॉप्स कंपनीचा एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या 2025-26 हंगामाचा, खेळाडूंच्या छायाचित्रांचा कार्डसंच पूर्ण करायचे मी आणि माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याने ठरवले आहे. आम्ही कार्डांच्या पाकिटांचे दोन खोके फोडले. सुरुवातीला प्रत्येक पाकिटात नवे खेळाडू मिळत होते, आता मात्र तीच ती कार्डे पुन्हा येऊ लागली आहेत. आणखी एक खोका घेतला की संच पूर्ण होईल, असे पुतण्याला वाटते. शिवाय काही कार्डे चकचकीत आहेत, काहींची चौकट वेगळ्या रंगाची आहे. ती संचात धरायची की नाहीत, हेही कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: आपल्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण संच कशाला म्हणायचे हे ठरल्याखेरीज तो पूर्ण झाला की नाही हे सांगता येत नाही. कार्डाची मागची बाजू पाहा. ज्या कार्डांवर एकापासून सलग क्रमांक आहेत आणि ज्यांची समोरची चौकट साधी आहे, तो मूळ संच होय. त्याच छायाचित्राचे, त्याच क्रमांकाचे पण वेगळ्या रंगाचे किंवा वेगळ्या चमकीचे कार्ड म्हणजे ‘पॅरलल’. त्यावर 27/50 असा आकडा छापलेला असेल, तर त्या प्रकारची पन्नासच कार्डे निघाली असून आपल्या हातात सत्ताविसावे आहे, असा त्याचा अर्थ. स्वतंत्र नाव, वेगळी मांडणी आणि वेगळी क्रमांकयोजना असलेली कार्डे ‘इन्सर्ट’ म्हणून ओळखली जातात. आपण मूळ संच हेच ध्येय ठेवावे आणि बाकीची कार्डे वेगळ्या वहीत लावावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळे पॅरलल जमवायला निघालेला माणूस कधीच थांबत नाही.

पूर्वी हा प्रश्न पडतच नसे. 1948 चा बोमन कंपनीचा संच 72 कार्डांचा होता, आणि ज्यात मायकेल जॉर्डनचे 57 क्रमांकाचे प्रसिद्ध कार्ड आहे तो फ्लीअर कंपनीचा 1986-87 चा संच 132 कार्डे व 11 स्टिकर एवढाच होता. यादी संपली की संच संपला. टॉप्सने 1993-94 च्या ‘फायनेस्ट’ संचात प्रकाश पडताच इंद्रधनुष्यासारखी झळाळणारी ‘रिफ्रॅक्टर’ कार्डे आणली, आणि तेव्हापासून एकाच छायाचित्राची अनेक रूपे निघण्याची प्रथा रुजत गेली. पानिनी कंपनीकडे 2009 पासून असलेला एनबीएची कार्डे काढण्याचा परवाना 2025 मध्ये टॉप्सकडे परत आला, म्हणून आपल्या हातातल्या संचाची एवढी चर्चा आहे. पण तो जमवण्याची रीत त्यामुळे बदललेली नाही.

आता आणखी एका खोक्याविषयी. हिशेब समजावा म्हणून 300 कार्डांचा एक संच कल्पू या, आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखीच आहे असे धरू या. पहिली 150 वेगवेगळी कार्डे मिळण्यासाठी सरासरी 207 कार्डे पुरतात, म्हणूनच सुरुवातीला सगळे झटपट जमते आहे असे वाटते. संपूर्ण संचासाठी मात्र सरासरी सुमारे 1885 कार्डे उघडावी लागतात. त्यांपैकी जवळजवळ 879 केवळ शेवटच्या दहा कार्डांपायी जातात, आणि अगदी शेवटच्या एका कार्डासाठी सरासरी 300. प्रत्यक्षात कारखान्यात पाकिटे भरताना एका खोक्यात पुनरावृत्ती कमी व्हावी अशी काळजी सहसा घेतली जाते, त्यामुळे खरे आकडे याहून कमी येतात, तरी चढ शेवटी उभाच होत जातो. पुतण्याला हे आकडे कागदावर मांडून दाखवा. बारा वर्षांच्या मुलाला ते नक्की समजतील, आणि त्याला नुसते ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

तेव्हा खोके आता थांबवावेत. मागच्या बाजूचे क्रमांक एका कागदावर उतरवून नसलेल्यांना खूण करा, दुबार कार्डांची दुसरी यादी करा, आणि त्या दोन याद्या घेऊन अदलाबदलीला निघा. आपल्याकडे तीनदा आलेले कार्ड दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत नसतेच. दोन संग्राहकांनी कार्डे एकत्र केली, तर दुसरा संच पहिल्याच्या मानाने बऱ्याच कमी कार्डांत पुरा होतो. जी उरतील ती सुटी विकत घ्यावीत. त्यात कसलाही कमीपणा नाही.

नवोदितांच्या कार्डांबाबत मात्र थोडी सबुरी ठेवावी. 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, डॅलस मॅव्हरिक्स संघाने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या कूपर फ्लॅगचे साधे कार्ड मिळवण्यासाठी प्रारंभी झुंबड उडणे स्वाभाविक आहे, पण संच नवा असताना बाजारात सुटी कार्डे कमी असतात, आणि खोके फुटत जातात तशी मूळ संचातली कार्डे सुलभ होतात. त्या एका कार्डासाठी दुबारांचा अर्धा गठ्ठा देऊन टाकू नका. याउलट, राखीव फळीतल्या एखाद्या जुन्या खेळाडूचे कार्ड कोणी देऊ केले, तर ते लगेच घ्या. अशी कार्डे कोणी जपून ठेवत नाही, आणि नेमकी तीच शेवटी अडतात. माझ्या एका संचात अशीच एक जागा कित्येक महिने रिकामी होती. नऊ खणांच्या पानाच्या मधल्या खणातून मागच्या पानावरच्या खेळाडूचे डोके दिसायचे. ते कार्ड शेवटी तीन दुबारांच्या बदल्यात मिळाले, एका कोपऱ्यावर किंचित दबलेले, आणि ते मी आजही बदललेले नाही.

प्रश्न: चकचकीत कार्डे काही दिवसांतच कमानीसारखी वाकली. ती सदोष आहेत का?

उत्तर: बहुधा नाहीत. अशा कार्डात कागदावर चकचकीत थर चिकटवलेला असतो. हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो वा आकसतो, पण वरचा थर तसा हलत नाही, म्हणून कार्ड वाकते. इस्त्री, उष्णता किंवा जड ठोकळ्याखाली दाबणे हे उपाय करू नयेत. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये (पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत) आणि मग ताठ टॉपलोडरमध्ये (वरून उघड्या, कडक प्लास्टिकच्या पाकिटात) सरकवून कोरड्या जागी उभे ठेवावे. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये घातल्यास पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात, ते कार्ड दिव्याखाली तिरके धरले की लगेच दिसतात. साध्या कार्डाला 35 पॉइंटचा टॉपलोडर चालतो. पॉइंट हे जाडीचे माप, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जर्सीचा तुकडा बसवलेले कार्ड बरेच जाड असते, त्याला 130 पॉइंटच्या आसपासचा लागतो. वहीची पाने पीव्हीसीची नसून पॉलिप्रॉपिलीनची आहेत याची खात्री करून घ्यावी. दुबारांच्या गठ्ठ्याला रबर बँड लावू नये, कारण सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या कार्डाच्या कडांना त्याची खाच कायमची पडते.