‘फर्न’ परका आणि ‘पान’ आपलं?

विचारणा कोथरूडच्या एका भाषांतरकार बाईंची. ॲरिझोना, टेक्सासकडच्या चुनखडीच्या रखरखीत उतारांवर वाढणाऱ्या फर्नवरचा, म्हणजे मराठीतल्या नेच्यावरचा, लेख त्या मराठीत आणताहेत. ‘डेझर्ट फर्न’ला ‘वाळवंटी नेचा’ म्हणावं की ‘मरुपर्ण’? ‘लाइमस्टोन’ला चुनखडी म्हणावं की चुनखडक? त्यात संपादकांची तंबी : ‘फर्न’ हा परका शब्द, लेखात कुठेही नको.

आधी राग काढून घेतो. ‘नेचेची पानं’, ‘नेचेचे प्रकार’ हा काय प्रकार आहे? नेचा एक, नेचे अनेक. म्हणून नेच्याची पानं, नेच्यांचे प्रकार. ‘घोडेची शेपटी’ म्हणतो का आपण? दुसरं म्हणजे, रोपवाटिकांतून शतावरीच्या झुपकेदार भावंडांना सर्रास ‘फर्न’ म्हणून विकतात. त्यांना फुलं येतात, फळं धरतात. खऱ्या फर्नला यातलं काहीच नाही. त्याचा सगळा संसार पानाच्या पाठीवरच्या बीजाणूंवर.

आता ती तंबी. संपादकांनी पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पञ्च आणि फाइव्ह हे शब्द शेजारी मांडून पाहावेत. संस्कृतात आरंभी ‘प’ असला की इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात तिथे ‘फ’ येतो. त्याच हिशेबाने पर्ण आणि फर्न. हेच पर्ण प्राकृतात ‘पण्ण’ झालं आणि मराठीत ‘पान’. म्हणजे फर्न आणि पान ही सख्खी चुलत भावंडं. फर्नला हाकलायचं तर जेवणानंतरचं पानही सोडा! पण लगेच ‘बघा, इंग्रजांनी आमच्याकडून उचललं’ म्हणून नाचणाऱ्यांनीही जरा थांबावं. कुणी कुणाकडून उचललेलं नाही. पणजोबा एक, घरं वेगळी.

खरी गंमत पुढेच आहे. वेदांच्या भाषेत पर्ण म्हणजे पान, तसंच पीसही. गरुडाला सुपर्ण म्हणतात तो पंखांमुळे, पानांमुळे नव्हे. ब्राह्मणग्रंथांत कथा आहे : गायत्री पक्षिणी होऊन सोम आणत असताना तिचं एक पर्ण तुटून खाली पडलं, त्याचं झाड झालं. ते पर्णवृक्ष म्हणजे आपला पळस. पळसाला पानं तीनच असतील, पण त्यातलं एक थेट पंखातून गळलेलं आहे. ग्रीकांनीही फर्नला ‘टेरिस’ म्हटलं ते ‘टेरॉन’ म्हणजे पीस यावरून. मात्र ‘टेरिस आणि फर्न हे शब्द एकाच मुळाचे’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते साफ चूक. टेरॉनचं नातं उडणे या अर्थाच्या ‘पत्’ धातूशी, पत्र आणि पतत्र (पंख) यांच्याशी. पर्णाचं मूळ वेगळं. दोन निराळ्या मुळांना पान पाहून पीसच आठवावं, हे मला तरी एकाच मुळापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आणि ‘नेचा’? माझ्या मते हा फारसी ‘नैचा’, हुक्क्याची नळी. फर्नचं कोवळं पान वेटोळं घालून वर येतं ते बघा आणि गुंडाळलेली नळी आठवा. कुणाला पटत नसेल तर त्याने दुसरी व्युत्पत्ती पुढे ठेवावी, नुसतं नाक मुरडू नये.

बाईंच्या लेखातली वनस्पती बहुधा ॲस्ट्रोलेपिस कोचिसेन्सिस असावी. चुनखडकावरची ठरलेली रहिवासी. ॲस्ट्रोलेपिस म्हणजे तारा-खवला. भिंगाखाली पानाच्या वरच्या अंगावर चांदणीसारखे फाटलेले खवले दिसतात, खालचं अंग तर खवल्यांनी पुरतं मढलेलं. पाणी तुटलं की पान आक्रसतं, खवल्यांची बाजू उन्हाकडे होते आणि झाड मेल्यागत पडून राहतं. पाऊस आला की पुन्हा उलगडतं. एरवी फर्नच्या पुंबीजांना अंड्यापर्यंत पोहायला पाण्याचा थर लागतो. वाळवंटात तो कुठला? म्हणून यांतल्या बऱ्याच झाडांनी फलनच वगळलं. बीजाणूपासून उगवलेल्या इवल्या पापुद्र्यातून थेट नवं रोप निघतं.

असलं काटक फर्न बघायला अमेरिकेला जायला नको. पुण्याच्या आसपास कातळाच्या भेगांत, जुन्या भिंतींच्या सांध्यांत मयूरशिखा असते : बोटभर देठ, त्यावर टोकाला दुभंगत गेलेला पंखा. उन्हाळ्यात चुरगळून जाते, पावसात तरतरीत. आणि नाव पाहा, मोराचा तुरा! म्हणजे इथेही पीसच.

तेव्हा ‘मरुपर्ण’ नको. त्यात फक्त पान येतं, झाड येत नाही. ‘वाळवंटी नेचा’ चांगला, ‘वाळवंटी फर्न’ही चालेल. लाइमस्टोनला उतारावर चुनखडक म्हणा. चुनखडी म्हटलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याला काळ्या मातीतले पांढरे खडे आठवतात, आणि तो चुकत नाही. सह्याद्री बेसाल्टचा, इथे चुनखडकाचे डोंगर येणार कुठून?