ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅकच आला का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझ्या बाबांचं वय ६१, शुगर जुनी आहे. वावरात तुरीचं धसकट पायात घुसलं, जखम चिघळली. हुडहुडी भरून ताप आला आणि ते बरळायला लागले. यवतमाळला नेलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. सेप्टिक शॉक आहे, म्हणजे जंतुसंसर्ग अंगात भिनून बीपी कोसळलंय, असं म्हणाले, आयसीयूत ठेवलं. ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी दोन्ही वाढलेले, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३५ टक्के. मधे ठोकेही अनियमित झाले होते. आता महिना झाला, बाबा घरी आहेत, जेवतात, अंगणात फिरतात. नातेवाईक म्हणतात अटॅक येऊन गेला, नागपूरला नेऊन अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद आहेत का ते बघायची तपासणी) करा. त्यासाठी बैलजोडी विकावी का? आणि हृदयाच्या गोळ्या जन्मभर चालणार का?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : बैलजोडी विकू नका, निदान आज तरी नाही. आधी बाबांची टूडी इको पुन्हा करून घ्या. पुढचं बरंचसं त्या रिपोर्टवर ठरेल.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. इजा झाली एवढंच ते सांगतं, कशाने झाली ते सांगत नाही. रक्तवाहिनी बंद पडली तर ते वाढतंच. पण सेप्टिक शॉकमध्ये वाहिन्या मोकळ्या असूनही वाढतं. जंतुसंसर्गाविरुद्ध शरीरात जो दाह उसळतो तो हृदयाच्या स्नायूलाही भाजतो, बीपी पडल्याने रक्त कमी पोचतं, त्यात ठोके वाढलेले. किडनी मंदावली असेल तर आकडा आणखी वर जातो. एनटी-प्रोबीएनपी हृदयावर ताण आला की वाढतं, आणि तेही किडनी बिघडली की फुगलेलं दिसतं. म्हणून एकट्या आकड्यावरून ‘अटॅक’ म्हणणं मला पटत नाही. मात्र तो आकडा बिनमहत्त्वाचाही नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गात, ट्रोपोनिन जितकं जास्त, तितका रुग्ण सहसा जास्त गंभीर असतो. तुमचे बाबा फार मोठ्या संकटातून परतले आहेत.

आता पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकतं ते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सेप्टिक शॉकच्या २० रुग्णांचं हृदय पुन्हा पुन्हा तपासलं. जे वाचले त्यांतल्या बहुतेकांचं पंपिंग सुरुवातीला ४० टक्क्यांच्या खाली गेलं होतं, आणि साधारण दहा दिवसांत ते पूर्ववत झालं. हा अशक्तपणा पुष्कळदा तात्पुरता असतो, हे तेव्हापासून आम्हाला माहीत आहे. बाबांची ३५ टक्क्यांची इको ऐन शॉकमधली आहे. तिच्यावरून जन्मभराच्या गोळ्या ठरवता येत नाहीत.

नव्या इकोत डॉक्टरांना एक गोष्ट मुद्दाम विचारा : हृदय सगळीकडून सारखं कमी हलतंय, की एकच भिंत हलत नाही? सेप्सिसमध्ये सहसा सगळं हृदय मंदावतं. एकच भाग मंद असेल, पंपिंग अजूनही कमीच असेल, किंवा ईसीजीत अटॅकच्या खुणा असतील, तर अँजिओग्राफीचा सल्ला योग्य आहे आणि मग टाळाटाळ करू नका. शुगरच्या रुग्णाला छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, त्यामुळे ‘बाबांना दुखलं नव्हतं’ यावर विसंबू नका. अँजिओप्लास्टीची (बंद रक्तवाहिनी उघडण्याची) वेळ आलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात ती होते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधी भेटा.

सुरू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ करणारी. ठोके अनियमित झाले होते तो त्रास बरं झाल्यावरही उलटू शकतो, आणि त्यातून लकव्याचा धोका असतो. इको कराल त्याच दिवशी ईसीजी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा. सेप्सिसनंतर वर्षभर तरी हृदयाचे त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त राहते. पायावर सूज, चालताना धाप, रात्री उशाला उंच लागणं, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका.

पायाची जखम भरली का, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. शुगरमध्ये पाय बधिर होतो, काटा रुतलेला कळत नाही. रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे तुम्ही स्वतः बघा, वावरात बंद बूट घालायला लावा. पुन्हा हुडहुडी, जोराचा श्वास, बरळणं, लघवी कमी होणं किंवा हातपाय गार पडणं दिसलं, तर गावात सलाईन लावून रात्र काढू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.