मराठवाड्यात डीएनए तपासायचाच असेल तर आधी लांडग्याचा

येडशीला वाघ आल्यापासून तुमच्या भूमच्या ग्रुपला हुरूप आलाय. वर्गणी काढून विष्ठेचे नमुने गोळा करायचे, डीएनए तपासून घ्यायचा, तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंय. माझं ऐकाल तर वाघाच्या मागे लागू नका.

येडशी-रामलिंग अभयारण्यातला वाघ डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात आला आणि तो यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला आहे हे नुसत्या पट्ट्यांवरून कळलं. २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात दिसलेलाही तिकडचाच. जुना फोटो जुळला की विषय संपतो. वाघाच्या डीएनएची खरी गरज दोन जंगलांमधली ये-जा तुटली का, आपसातच प्रजनन होतंय का, हे बघायला लागते. त्याला अनेक वाघ लागतात, आपल्याकडे अधूनमधून एखादा पाहुणा येतो.

लांडग्याचं तसं नाही. ना पट्टे, ना ठिपके. दोन फोटोंतला लांडगा एकच की वेगळा, हे सांगताना जाणकारही अडखळतात. त्यात गावाबाहेर पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर पोसलेली कुत्री. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून पुढे आलं. मग आपल्या बालाघाट डोंगररांगेतल्या माळावर काय चाललंय? फोटोवरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्वस्तात होणारी तपासणी असते मायटोकाँड्रियल, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरच्या डीएनएची आणि तो फक्त आईकडून येतो. आई लांडगी आणि बाप कुत्रा असेल तर रिपोर्टमध्ये सरळ ‘लांडगा’ येणार. आई कुत्री असेल तर ‘कुत्रा’. म्हणजे संकर शोधायला निघालात आणि एवढीच तपासणी करून आलात, तर पैसे पाण्यात. पेशीकेंद्रातला डीएनए आई-बाप दोघांकडून येतो; तो तपासतील का, हे प्रयोगशाळेला आधीच विचारा. नर-मादी आणि नातीगोतीही त्यातूनच कळतात. आपल्याला हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची ‘लाकोन्स’ ही वन्यजीव प्रयोगशाळा जवळ पडते. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतही असं काम चालतं.

नमुना म्हणजे अख्खी विष्ठा उचलणं नव्हे. आतड्याच्या पेशी बाहेरच्या थराला चिकटलेल्या असतात, तेवढाच पापुद्रा हवा. आत शेळीचे केस नि हाडांचे तुकडे असतात, ते खाद्याच्या अभ्यासाला ठेवा. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. आपलं उन्ह डीएनएची पार वाट लावतं, म्हणून थंडीत, पहाटे निघून ताजंच उचलायचं. ओल शोषणाऱ्या कोरड्या सिलिका जेलमध्ये किंवा शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवा; सॅनिटायझरच्या बाटलीत भरून आणणारे महाभाग असतात, तसलं काही नको. डबीवर तारीख आणि जीपीएस तिथल्या तिथे लिहा. एवढं करूनही काही नमुने वाया जाणारच, विष्ठेतला डीएनए तुटकाच असतो. लॅबवाले तीच तपासणी पुन्हा पुन्हा करतात ती त्यामुळेच.

माळावरच्या धनगरांना आधी भेटा. लांडगे कुठून येतात-जातात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पण बिळाची जागा कळली तर ती ग्रुपवर टाकू नका. बिळात धूर करून पिल्लं मारली जातात.

आणि वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही डबी भरू नका, मग जागा अभयारण्याबाहेरची का असेना. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. अर्ज प्रयोगशाळेच्या नावे, तुम्ही सोबतचे स्वयंसेवक, असं केलंत तर सोपं जाईल. कागद हलायला वेळ लागतो. येत्या हिवाळ्यात काम हवं असेल तर पावसाळ्याआधीच अर्ज टाका.