प्रश्न सोबत घेऊनच ये

प्रिय मुला,

प्रभू येशूच्या नावे सप्रेम सलाम.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांनी नाताळच्या उपासनेला गेलास, मागच्या बाकावर बसलास, लहानपणची गाणी आपोआप तोंडात आली. मग विश्वासांगीकारासाठी, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळींसाठी, मंडळी उभी राहिली, तूही उभा राहिलास, पण ओठ हलेनात. जे मला पटत नाही ते मोठ्याने म्हणणं हा खोटेपणा नाही का, असं तू विचारतोस. आणि सगळं पटल्याशिवाय देवळात पाऊल टाकण्याचा मला हक्क आहे का, असंही.

उत्तर आधी सांगते, कारणं मग. तू ये. पटण्याची वाट बघत बाहेर थांबू नकोस. जी ओळ तोंडातून निघत नाही ती सध्या म्हणू नकोस, शेजारचे म्हणतात ती ऐक. त्यात खोटेपणा नाही. न पटलेलं जोरात म्हणून शेजाऱ्याला खूश करणं, त्यात मात्र आहे, आणि ते तू केलं नाहीस याचं मला समाधान वाटलं.

त्या ओळींचा इतिहासही लक्षात घे. 325 साली निकाया इथे बिशप जमले आणि त्यांनी विश्वासाचा मसुदा ठरवला. पण ख्रिस्ताच्या देवत्वावरचा वाद त्याने मिटला नाही. त्या मसुद्याची बाजू धरणाऱ्या अथनेशियस बिशपांसारख्या माणसाला त्यापायी पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि 381 साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेनंतर कुठे त्या भांडणाला आळा बसला. ज्या वाक्यांपाशी तू अडखळतोस त्यांच्यापाशी सबंध मंडळी अर्धं शतक अडखळली होती. तुला ती एका नाताळात पचावीत अशी घाई प्रभूला नाही.

आता मूळ दुखण्याबद्दल. पत्रात तू उत्पत्तीच्या पुस्तकाबद्दल, विज्ञानाबद्दल पुष्कळ लिहिलं आहेस, आणि तुझ्या बाबांबद्दल एकच ओळ. मला ती एक ओळच सगळ्यात मोठी वाटली. 2021 च्या एप्रिलमध्ये तुम्ही सगळे गुडघ्यांवर होता, नगरला आणि इथे पुण्यात रात्र रात्र प्रार्थना चालल्या होत्या, आणि बाबा गेले. नंतर कुणीतरी तुझ्या आईला म्हणालं की घरात विश्वास कमी पडला.

ते वाक्य चुकीचं होतं. मी हे सौम्य करून सांगणार नाही. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण ते शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, असं विचारलं तेव्हा येशूने दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. आणि गेथशेमाने बागेत खुद्द त्याने काय मागितलं? हा प्याला माझ्यापासून टळो. तो टळला नाही. ज्याच्या विश्वासात तसूभरही उणं नव्हतं त्याने मागितलेलं त्याला मिळालं नाही, तर तुझ्या आईच्या विश्वासाचं माप बाबांच्या मरणावरून काढणारे आपण कोण?

मग देवाने का ऐकलं नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी ते तयार असतं त्यांच्याजवळ मी फार वेळ बसत नाही. पण पवित्र शास्त्राने या प्रश्नाला जागा करून ठेवली आहे. स्तोत्र 88 काढून वाच. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेला टेकतात. हे टेकत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी स्तोत्रसंहिता एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही, देवासमोर गायच्या पुस्तकात ठेवलं. बाबा गेल्यावर तू प्रार्थना सोडलीस असं लिहितोस. ते स्तोत्र मोठ्याने वाचणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. त्यात देवाची तक्रार देवाकडेच केली आहे, आणि तेवढी तू करू शकशील असं मला वाटतं.

तू पुण्यात आहेस म्हणून दोन माणसांची आठवण करून देते. एक फादर नीलकंठ गोरे. चित्पावन घराण्यातले, काशीचे गाढे शास्त्री, 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली. अशा माणसाचा विश्वास डोंगरासारखा अढळ असेल असं आपण धरून चालतो. पण ते आयुष्यभर शंकांनी पोळत राहिले. इतरांना पटवून द्यायचे आणि रात्री स्वतः तळमळायचे. तरी सेवा थांबली नाही. 1895 मध्ये ते वारले. त्याच वर्षी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, हे मला नेहमी सूचक वाटतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचं नाव तुला संडे स्कूलमध्ये पाठ करायला लावलं असेल, भिंतीवर तसबीरही असेल. तसबिरीतल्या रमाबाईंचा तुला उपयोग नाही. भांडणाऱ्या रमाबाई वाच. दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, तीर्थयात्रा, व्रतं, पुराणपठण यांत घालवलेल्या बालपणानंतर जुनी श्रद्धा ढासळली. पुढे पती गेले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला, आणि लगेच वाद सुरू झाले. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, चमत्कार, बिशपांचा अधिकार, एकेका गोष्टीवर त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांना लांबलचक पत्रं लिहिली. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, यावरही वाद घातला. सिस्टर वैतागल्या, त्यांना आज्ञाधारक शिष्या हवी होती. रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी कुणाच्या हाती दिली नाही. आणि तरी त्या प्रार्थना करत राहिल्या, प्रभुभोजन घेत राहिल्या, शास्त्र वाचत राहिल्या.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विधवांसाठी काढलेली त्यांची शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्याला आल्यानंतर, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांनी ते पुढे आपल्या साक्षीत उघडपणे लिहिलं. आठ वर्षं त्या आतच होत्या आणि शोधतच होत्या. बाहेर उभ्या राहून त्यांनी आधी हिशोब मिटवला असता तर निराधार बायामुलींना आसरा देणारी केडगावची मुक्ती ही संस्था उभी राहिली असती का, मला शंका आहे. याच शंका घेणाऱ्या बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं.

तुझ्या विज्ञानाच्या प्रश्नांवर इथे थोडंच लिहिते, कारण ते सुटण्यासारखे आहेत. उत्पत्तीतले सहा दिवस चोवीस तासांचेच धरले पाहिजेत असं मंडळीने सर्वकाळ मानलेलं नाही. ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यावर वेगळा विचार मांडला होता. विश्व प्रसरण पावतं हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. तुझा खरा प्रश्न पुनरुत्थानाचा, येशू मेलेल्यांतून उठला का याचा, आहे आणि तिथे मी तुला सूट देणार नाही. ते घडलं नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असं प्रेषित पौलच म्हणतो. त्यामुळे त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय नीट वाच. ते पत्र साधारण इ.स. 55 च्या सुमाराचं, म्हणजे क्रूसानंतर जेमतेम पंचवीसएक वर्षांनी लिहिलेलं. त्यात पौल साक्षीदारांची यादी देतो आणि उठलेल्या येशूला एकदम पाहिलेल्या पाचशेंपैकी बरेच अजून हयात आहेत म्हणतो. यावरून गणितासारखं काही सिद्ध होत नाही. पण कुणीतरी शतकांनंतर रचलेली कथा आहे, हे जे तू लिहिलंस, ते टिकत नाही. तेवढं मनातून काढ आणि मग विचार कर.

आता करायचं काय.

मार्काचं शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. मराठीत वाच, तेही मोठ्याने. तू हिंजवडीत दिवसभर इंग्रजीत बोलतोस, पण आजीने शिकवलेली प्रार्थना तुझ्या आत मराठीत आहे. नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो आणि एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. येशू त्याला विश्वास पक्का करून मग ये म्हणत नाही, मुलाला बरं करतो. (तुझे बाबा तसे बरे झाले नाहीत, हे वाचताना तुला बोचेल. बोचू दे, पुढे वाच.) सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला थांबतं. रिकामी कबर बघून बाया घाबरून पळाल्या आणि कुणालाच काही बोलल्या नाहीत. भीतीवर थांबलेलं पुस्तक मंडळीने शुभवर्तमान म्हणून जपलं.

रोजच्या प्रार्थनेसाठी नवे शब्द जुळवत बसू नकोस. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढंच, झोपण्याआधी. मन लागलं नाही तरी म्हण.

रविवारी कुठल्या तरी एका मंडळीत जा आणि किमान पुढच्या पुनरुत्थान दिनापर्यंत (ईस्टरपर्यंत) तिथेच जात राहा. पुण्यात पर्याय कमी नाहीत. गुरुवार पेठेत पंच हौदचं पवित्र नाम देवालय आहे, 1885 पासूनचं. तू कॅथलिक मित्रासोबत जायचं म्हणतोस ते नाना पेठेतलं सिटी चर्च तर 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं. कुठेही जा, पण दर रविवारी नवीन जागा चाखत फिरू नकोस. माणसं ओळखीची व्हायला वेळ लागतो, आणि तुला प्रवचनापेक्षा माणसांची गरज जास्त आहे. जिथे औषध घेणं म्हणजे अविश्वास असं शिकवतात, जिथे प्रश्न विचारला की आवाज चढतो, तिथून मात्र निमूट उठून ये.

आपल्याकडे परत आलेला माणूस दिसला की प्रेमाने त्याला साक्ष द्यायला उभं करतात. तुला महिन्याभरात कुणीतरी नक्की विचारील. नम्रपणे नाही म्हण. तुझी गोष्ट अजून चालू आहे, ती लोकांपुढे मांडताना शेवट गोड करावासा वाटतो, आणि मग स्वतःलाच तो शेवट खरा वाटू लागतो. प्रभुभोजनाबद्दल आधी पाळकसाहेबांशी एकांतात बोल. जे पटतं आणि जे पटत नाही ते दोन्ही सांग. चांगला पाळक घाबरत नाही.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात एक लहानसं वाक्य आहे, त्यावरून आपण घाईने पुढे जातो. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर उठलेल्या प्रभूला बघतात, नमन करतात, आणि काहींना संशय वाटतो. येशू त्यांना बाजूला काढत नाही. सर्व राष्ट्रांकडे जा ही आज्ञा तो सगळ्यांना मिळून देतो, संशय वाटणाऱ्यांनाही. माझ्याही आयुष्यात कोरडी वर्षं येऊन गेली. त्या काळात मी या वाक्याला धरून बसायचे.

तुझ्या आईला तू नाताळला गेल्याचं अजून सांगितलेलं नाहीस. सांग. तिला आनंद होईल आणि ती लगेच पुढची स्वप्नं रंगवायला लागेल, ही तुझी भीती मला कळते. तेव्हा जेवढं आहे तेवढंच सांग, की मी गेलो होतो, पुन्हा जाणार आहे, बाकी मला अजून माहीत नाही. आणि ते 'विश्वास कमी पडला'चं वाक्य तिच्या मनात अजून रुतून आहे का, हे तिला विचार. तुझ्यासारखीच तीही इतकी वर्षं ते एकटीने वागवत असेल. मी वर जे गेथशेमानेबद्दल लिहिलं ते तिला वाचून दाखव.

केडगावला जायचं मनात आलं तर कळव. दौंडच्या गाडीने जाता येतं, मी बरोबर येईन. मार्क वाचून झालं की जिथे अडलास ते लिहून पाठव, पटलेलं राहू दे.

तुझी,
बाई