रोइंग आणि जड स्क्वॉट जोडीने करताना कंबर धरते, काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचे मिस्टर सकाळी एकत्र जिमला जाता, हातात जेमतेम तास असतो. एकाने रोइंग मशीन ओढायचं, तेवढ्यात दुसऱ्याने स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा रॉड घेऊन उठाबशा) मारायचे, मग लगेच अदलाबदल. पण स्क्वॉटला कंबर धरते.

त्या ‘लगेच’मध्येच गडबड आहे. मी आणि माझी नणंद कितीतरी महिने अगदी हेच करत होतो. एका सकाळी ती ५०० मीटर जीव खाऊन ओढून आली आणि तशीच धापा टाकत ५० किलोच्या रॉडखाली शिरली. दुसऱ्या रेपला, म्हणजे दुसऱ्या उठाबशीला, खाली बसली ती उठेचना. मला फक्त “वहिनी!” एवढं ऐकू आलं. मी मशीनवर, दोन्ही पाय पट्ट्यांत करकचून बांधलेले. वाकून एक पट्टी सोडवते तोवर शेजारी डंबेल मारणाऱ्या एका मुलाने धावत येऊन रॉड धरला होता. रॅकच्या सेफ्टी पिना (रॉड खाली आला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या) होत्या, पण इतक्या खाली लावलेल्या की त्यांचा काही उपयोगच नव्हता. तिच्या मानेवर थोडं खरचटलं, निभावलं. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: एक जण रॉडखाली असताना दुसरीने मशीनवर बसायचं नाही.

आता कंबरेचं. जड स्क्वॉटला खाली जाण्याआधी पोटात खोल श्वास भरून तो रोखून धरावा लागतो. त्या दाबाने पोट आणि पाठ घट्ट होते आणि मणक्याला आधार मिळतो. धाप लागलेली असताना श्वास रोखताच येत नाही. शरीर हवा मागतं, पोट सैल पडतं, आणि मग खालून उठताना सगळा भार कंबर घेते. त्यात रोइंगने कंबरेचे तेच स्नायू आधीच थकवलेले असतात. म्हणजे तुमची कंबर कमजोर आहे असं नाही, तिला मोकळा वेळ मिळत नाहीये. (दोघांपैकी कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचाराच.)

आम्ही क्रम असा बदलला. आधी मी ५०० मीटर ओढते, मग नणंद ओढते. तिच्या अडीच मिनिटांत माझा श्वास बसतो. मग मी स्क्वॉटला जाते आणि ती माझ्या मागे उभी राहते. माझे तीन रेप, मग प्लेट बदलणं, या सगळ्यात तिलाही दोन मिनिटं मिळतात. मग ती रॉडखाली, मी मागे. एक फेरी साधारण आठ मिनिटांची होते. वॉर्मअप आणि हलके सेट धरून तासाभरात चार फेऱ्या आरामात बसतात. दोघी एकाच वेळी कामाला लागत नाही म्हणून वेळ वाया जातो असं वाटेल, पण जड सेटला तेवढी विश्रांती एरवीही घ्यावीच लागली असती.

रॉडवर वजन किती? जे तुम्ही नीट पाच वेळा उचलू शकता त्याचे तीनच रेप. आणि एक युक्ती मला फार उशिरा सुचली: दोघांच्या वजनातला फरक प्रत्येक बाजूला एकाच प्लेटचा ठेवा. रॉड २० किलोचा. मी ७० मारते, म्हणजे दोन्हीकडे १५ आणि १०. नणंद ५० मारते, म्हणजे बाहेरची १० ची प्लेट काढली की झालं. तुमचे मिस्टर १०० आणि तुम्ही ६० मारत असाल तर २० ची एकेक प्लेट. जास्त प्लेटा असतील तर एक बाजू पूर्ण रिकामी करून मग दुसरीकडे जाऊ नका, रॉड उलटतो. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून एकदमच काढा.

मागे उभं राहणाऱ्याने रॉडला हात लावायचा नाही. अगदी जवळ उभं राहायचं, हात तिच्या काखेखाली तयार ठेवायचे, ती बसेल तसं आपणही बसायचं. ती अडली तर छातीपाशी धरून तिला वर घ्यायचं. आमचा शब्द ठरलेला आहे, “घे”. तो ऐकला की घ्यायचं, “अजून एक होईल” म्हणत बसायचं नाही. आणि सेफ्टी पिना रिकामा रॉड घेऊन तपासा: पूर्ण खाली बसल्यावर रॉडच्या दोन बोटं खाली हव्यात.

रोइंगबद्दल माझं मत ठाम आहे: या व्यायामात ते मध्यम वेगातच करा. मशीनचा पंखा हवा कापतो, आणि वेग थोडा वाढवला तरी लागणारी ताकद भरमसाट वाढते. ५०० मीटर अडीच मिनिटांत ओढायला सुमारे १०४ वॉट लागतात, सव्वादोन मिनिटांत ओढायला १४२. पंधरा सेकंद वाचवायला एवढी मेहनत, आणि ती पुढच्या स्क्वॉटमधूनच वजा होते. पंख्याच्या बाजूचा डॅम्पर (आकड्यांवर सरकणारी खिट्टी) दहावर नेऊन “जास्त वजन लावलं” म्हणणारे पुष्कळ दिसतात. ते वजन नसतं, पंख्यात हवा किती जाते एवढंच ते ठरवतं. तीन ते पाचच्या मध्ये ठेवा, मिनिटाला २०-२२ स्ट्रोक (ओढी) पुरेत.

ओढायचा क्रमही बघून घ्या. आधी पाय, मग कंबरेतून मागे, शेवटी हात. परतताना हात, कंबर, पाय. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव मारायची शर्यत) तेरावा आला होता. त्याची किंवा कुठल्याही चांगल्या रोअरची शर्यत लावून फक्त कोपरांकडे बघा. पाय जवळजवळ सरळ होईपर्यंत ती वाकत नाहीत. आपण पायांआधी पाठ झटकतो, आणि मशीनवर बसल्या बसल्याच कंबर दुखवून घेतो. एकमेकांचं हे बाजूने बघून सांगता येतं, जोडीदाराचा हा मोठाच फायदा.

आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये निदान दोन दिवस सोडून. पहिल्या आठवड्यात तीनच फेऱ्या करा आणि स्क्वॉटचं वजन नेहमीपेक्षा १० किलोने कमी ठेवा. तरीही खाली बसताना कंबर धरली तर महिनाभर रोइंग स्क्वॉटच्या नंतर, अगदी शेवटी करा.